लेकीचा भोंगा

बोरीची वाडी, खालापूर
८ जुलै २०२५

ताई,

या पत्राला सुक्या बोंबलाचा वास येत असेल तर रिझवानभाईंना बोल लावू नकोस. त्यांचा टेंपो पुण्याला मासळीच घेऊन येतो, तिथं पत्राला वेगळी गादी कुठून असणार? पण दुसरा इलाज नाही. पाऊस लागल्यापासून वाडीत फोनवर तुझा अर्धा राग ऐकू येतो आणि अर्धा हवेत विरतो. त्यापेक्षा पूर्ण राग कागदावर आलेला बरा.

मुख्य बातमी भोंग्याची. डोंगर सरकला तर वाडीला आधी कळावं म्हणून संस्थेनं देवळाजवळच्या खांबावर भोंगा बसवलाय, तो तू पाहिलायस. त्यातला सिमकार्डाचा डबा तुमच्या कंपनीचा. काल त्याची रंगीत तालीम होती. संस्थेच्या खालापूरच्या ऑफिसातून हर्षदनं बटण दाबायचं, इकडे भोंगा वाजायचा, आणि आम्ही गुरं-माणसं घेऊन खाली रस्त्यालगतच्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. सगळे तयार होऊन बसले. नामाकाका तर शेळ्यांना दावी लावून उभे. भोंगा काही वाजेना. शेवटी कंटाळून सगळे जेवायला घरी गेले, आणि पहिला घास तोंडात घालतो तो हा ओरडायला लागला! हर्षद म्हणतो, त्यानं बटण केव्हाच दाबलं होतं. आम्ही पोट धरून हसलो. नामाकाका म्हणाले, "ह्यो भोंगा सरकारी दिसतोय, आधी जेवण मग काम."

आई मात्र रागावली. तुझ्या कंपनीच्या डब्याला कुणी हसलेलं तिला खपत नाही.

बाकी सगळं बरं आहे. समोरचं दार पावसानं फुगलंय, खांद्यानं ढकलल्याशिवाय उघडत नाही. उघडीप मिळाली की रंधा मारतो. तू येण्याची घाई करू नकोस, असं आईनं सांगितलंय.

तुझा,
प्रवीण


पुणे
१२ जुलै

प्रवीण,

तुला हसू आलं, मला नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सरळ लॅबमध्ये गेले.

भोंगा उशिरा का वाजला ते मला माहीत आहे, कारण सहा महिने मी त्याच कामावर आहे. नीट ऐक. तो डबा टॉवरला थोड्या थोड्या वेळानं कळवत असतो, की तुझं बोलणं मला किती स्पष्ट ऐकू येतंय. ही त्याची खुशाली समज. खुशाली चांगली असेल तर टॉवर भरभर बोलतो, वाईट असेल तर सावकाश, एकेक शब्द तोडून. आता टॉवरला खुशाली कळवायच्या वाटा दोन आहेत. आमच्या भाषेत त्यांना सेल म्हणतात. पहिल्या वाटेवर खोळंबा असला तर डब्यानं दुसरीनं जायचं, अशी नवी सोय आहे. सोय चांगली आहे. घोटाळा होतो तो वाट बदलताना.

डब्यानं खुशाली पहिल्या वाटेसाठी तयार ठेवली, आणि पाठवायची वेळ आली तेव्हा तो दुसऱ्या वाटेवर गेलेला असला, तर त्या खुशालीचं काय करायचं? टाकून द्यायची, थांबवायची की दुसऱ्या वाटेनं धाडायची? डबा एक समजतो, टॉवर दुसरं. खुशाली मधल्यामध्ये हरवते. आणि टॉवर काय करतो? जुनीच खुशाली धरून बसतो. 'याला छान ऐकू येतंय' असं समजून भरभर बोलत राहतो. इकडे पावसानं डब्याचे कान बसलेले. टॉवर पुन्हा पुन्हा सांगतो, पण त्याच वेगानं, आणि डब्याला अक्षर कळत नाही. तुमचं जेवण वाढून होईपर्यंत तेच चाललं होतं.

तालमीत हसण्यावारी गेलं. खरोखरीच्या दिवशी जाणार नाही.

म्हणून आईला सांग, भोंग्यावर विसंबू नकोस. जोराचा पाऊस झाला की भोंग्याची वाट न बघता खाली जायचं. आणि मला खरं कळव. आईचं 'बरं हाय' मला नको. अण्णांच्या आजारपणात ती मला शेवटपर्यंत 'बरं हाय' सांगत होती, हे तू विसरला असशील, मी नाही.

मी येऊ का?

ताई


बोरीची वाडी
१७ जुलै

ताई,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. खुशालीचं तिला बरोबर कळलं. पण पुढं काय म्हणाली ते ऐक. "माझ्या लेकीनं बनवलेला डबा हाय तो. लेक हाय ना तिकडं, करंल नीट. भोंगा वाजंल तवा मी निघंन, त्याच्या आधी उंबरा वलांडायची नाय." मग नामाकाकांनाही तेच सांगून आली. आता सगळी वाडी त्याला लेकीचा भोंगा म्हणते. गौराबाई निघाल्या की आम्ही निघू, असं सगळ्यांचं ठरलंय. म्हणजे आता बघ, तुझा डबा आणि आपली आई, या दोघांवर वाडी चाललीय.

तू उगाच घाबरतेस. लहानपणी भ्यालीस की तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, माजघरात जाऊन गप बसायचीस. आता नोकरी लागल्यावर भ्यालीस की पानंच्या पानं लिहितेस. प्रगती आहे.

खरं कळव म्हणालीस म्हणून कळवतो, पण त्यात काही नाही. झऱ्याचं पाणी जरा गढूळ येतंय, आम्ही फडक्यानं गाळून घेतो. गाय गोठ्यात शिरायला मागत नाही, ओट्याशी बांधतो. दार अजून तसंच आहे. रंधा मारला, तरी घासतं. आता मागचंही अडकायला लागलंय. मी कामाला टोलनाक्यापाशी टायरच्या दुकानात जातो, पण संध्याकाळी घरी असतो. तेव्हा आई एकटी नाही.

आई म्हणते, येऊ नको. एवढ्या पावसात घाटातून कशाला? सगळं बरं हाय.

प्रवीण


पुणे
२० जुलै

प्रवीण,

अरे, दार पावसानं फुगलं असतं तर रंधा मारल्यावर उघडलं असतं. पुढचं अडकलं, मागचं अडकलं, झरा गढूळ झाला, जनावर आत जाईना. तुला कळत नाही का, जमीन हलतेय! दार घासतंय कारण घर वाकडं होतंय. तू एकेक गोष्ट सुटी सुटी लिहिलीस म्हणून मीही वाचून सोडून दिली. काल जेवताना एकदम सगळं जुळलं आणि ताट बाजूला सारलं. मला भीती वाटतेय रे.

हर्षदला फोन केला. तो म्हणाला, पाहणीला माणूस येईल, पाऊस जरा उघडला की. पाऊस उघडल्यावर कशाला पाहणी, हे त्याला विचारलं, तर बिचाऱ्यानं पुन्हा तेच सांगितलं.

आमच्याकडे नियम लिहून झालाय. वाट बदलली की जुनी खुशाली रद्द, आणि नवी येईपर्यंत टॉवरनं सगळ्यात सावकाश बोलायचं. म्हणजे कळलं नाही तर वाईटच धरायचं. पण तो नियम तपासल्याशिवाय डब्यात घालता येत नाही, आणि तपासणी गणपतीच्या आत होत नाही. मी साहेबांसमोर रडले. त्यांनी पाणी दिलं, तारीख दिली नाही.

तोवर एक करायचं. मी हर्षदशी बोलून ठरवलंय. रोज दिवेलागणीच्या आधी तो खालापुरातून बटण दाबेल आणि भोंगा एक छोटी शिट्टी देईल. शिट्टी आली तर डब्याला ऐकू येतंय, घरी थांबा. ज्या संध्याकाळी शिट्टी आली नाही, त्या संध्याकाळी पाऊस असो नसो, डोंगर शांत दिसो न दिसो, सगळ्यांनी खाली शाळेत जाऊन झोपायचं. भोंगा वाजला तर निघायचं, हे विसरा. भोंगा गप बसला तर निघायचं.

आईला हे तिच्या भाषेत सांग. माझ्या शब्दांत सांगू नकोस, माझ्या शब्दांना ती फक्त कौतुकानं मान हलवते.

मी या शुक्रवारी निघते आहे.

ताई


बोरीची वाडी
२६ जुलै

ताई,

तू शुक्रवारी आली नाहीस ते बरंच केलंस. घाटात दरड पडल्याचं रिझवानभाईंच्या दुकानात उमैमाभाभींकडून कळलं. त्यांचा टेंपोही पुण्याला जात नाही, म्हणून हे पत्र खालापूरच्या पोस्टात टाकतोय. कधी पोचेल कोण जाणे.

शिट्टी सुरू झाली. आई रोज वेळेच्या आधीच ओट्यावर येऊन बसते. शिट्टी झाली की डोक्यावरचा पदर सारखा करते आणि शेजारच्या जनाला सांगते, "आयकलंस गं? लेक बोलली." तुझा फोन आल्यासारखी खूश होते. मग उठून चूल पेटवते.

परवा मात्र शिट्टी आली नाही. सगळे आईकडे बघायला लागले. ती म्हणाली, "आज इसरली आसंल, कामात आसंल." मी हट्टच धरला. तुझी शपथ घातली, तेव्हा कुठं उठली. मग सगळी वाडी चिखलातून खाली उतरली. म्हाताऱ्या कण्हत, पोरं रडत, नामाकाका शेळ्यांवर खेकसत. शाळेचं छप्पर गळत होतं. सगळे ओले बसून राहिलो. आणि सकाळी वर जाऊन बघतो तर काही नाही. एक दगडसुद्धा जागचा हलला नव्हता. हर्षद म्हणाला, बटण दाबलं होतं, डबा वाट बदलत होता बहुतेक.

मग काय, नामाकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "गौराबाय, तुमची लेक पुन्यात कोरडी बसून आमाला भिजवती." आई तशीच घराकडं वळली. घरी येऊन मला म्हणाली, "परत माझ्या लेकीला कुनी बोललेलं मला आयकायचं नाय. आता शिट्टी येवो नायतर न येवो, मी नाय उतरायची." तेव्हापासून जेवण कमी झालंय तिचं.

तू काळजी करू नकोस. पाऊसही जरा कमी आहे. सगळं बरं आहे.

प्रवीण


पुणे
३० जुलै

प्रवीण,

तुझं सव्वीस तारखेचं पत्र आज पोस्टानं आलं. 'पाऊसही जरा कमी आहे, सगळं बरं आहे.' ते वाचून क्षणभर जीव भांड्यात पडला. मग तारीख पाहिली. ही खुशाली शिळी आहे! पत्रानं वाट बदलली, रेंगाळत आलं, आणि मी ते आजचं समजून वाचलं. रोज लॅबमध्ये ज्या चुकीशी भांडते, तीच चूक मी तुझं पत्र हातात घेऊन केली.

आजचं मला काहीच माहीत नाही. तुझा फोन लागत नाही. आईचा बंद. काल इथं इतका पाऊस होता की समोरची इमारत दिसत नव्हती, म्हणजे तुमच्याकडे काय असेल? उमैमाभाभींना फोन लागला. त्या म्हणाल्या, "रिझवान वाडीकडेच गेलेत, अजून आले नाहीत. तू देवाचं नाव घे, मीही घेते." त्यांचाही आवाज घाबरलेला होता.

आई म्हणाली होती, मी नाही उतरायची. माझ्या मानासाठी ती त्या घरात बसून राहील. मला मान नको रे. सगळ्या वाडीनं मला शिव्या घालाव्यात, रोज भिजवलं म्हणून, जन्मभर. फक्त रोज उतरा.

घाट बंद आहे. स्टँडवर दोनदा जाऊन आले. उघडला की निघते. या वेळी विचारत नाही. हे पत्र पोचायच्या आधी मी पोचेन बहुतेक, तरी लिहितेय, कारण न लिहिता बसवत नाही.

ताई


खालापूर, उमैमाभाभींचं घर
३१ जुलै

ताई,

आधी हे वाच. आई आहे. मी आहे. वाडीतली सगळी माणसं आहेत.

वाडी नाही.

उमैमाभाभींनी तुला फोनवर एवढं सांगितलंच असेल, लाईन आली की त्या तुलाच लावत होत्या. पण कसं झालं ते तुला सांगितलं पाहिजे, आणि माझ्याच्यानं ते तोंडानं बोलवत नाही. ओळखीचे एक मिस्त्री जुन्या रस्त्यानं पुण्याला यायचा प्रयत्न करतायत, त्यांच्याकडे हे देतोय.

परवा दिवसभर कोसळत होता. संध्याकाळी आई नेहमीसारखी ओट्यावर येऊन बसली. आदल्या दिवशी शिट्टी आली होती. परवा आली नाही. लोक आपापल्या दारात उभे. मी म्हटलं, आई, चल. ती जागची हलेना. नामाकाका आपल्या ओट्यावरून ओरडले, "काय वो गौराबाय, आज पन भिजायचं का?" दोघंतिघं हसले. मला वाटलं, संपलं, आता ही उठत नाही.

आई थोडा वेळ खांबाकडं बघत बसली. मग उठली, गाईचं दावं सोडलं आणि चालायला लागली. छत्री नाही, काही नाही. मी मागं पळालो. नामाकाकांच्या दारापाशी ती थांबली आणि म्हणाली, "नामा, माझी पोर भ्याली की गप बसती. ल्हानपनापासनं तशीच हाय. त्या दिशी गप बसली आन् तुमी तिला हासलात. आज परत गप हाय. तिला कायतरी दिसलंय. तुला यायचं तर ये, नायतर बस."

ताई, हर्षदनं बटण दाबलं होतं. डबा तेव्हाही वाटच बदलत असणार. तिकडं तुला काही दिसलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी आईला सांगितलं नाही. तिच्या मागून जना आली, मग जनाची सासू, मग एकेक करून सगळे. नामाकाका शेवटी आले, शेळ्या वरच ठेवून, शिव्या देत.

सकाळी उजाडल्यावर नामाकाका शेळ्या सोडायला वर निघाले होते. शाळेच्या वळणापर्यंत गेले असतील. मोठा आवाज झाला असं लोक म्हणतात, मला आवाज आठवतच नाही. मला आठवतं ते एवढंच की आपला दारचा आंबा उभाच्या उभा चालत खाली आला. मग नुसती माती. देऊळ गेलं, भोंगा गेला, आपलं घर गेलं. ते दार, ज्याला मी रंधा मारत बसलो होतो. नामाकाकांच्या शेळ्या सगळ्या गेल्या. ते रस्त्यातच बसले आणि आईचे पाय धरून लहान पोरासारखे रडले. आईनं त्यांना उठवलंही नाही. ती नुसती बघत होती.

रिझवानभाईंनी मासळीचा टेंपो धुऊन आणला होता. दोन-तीन फेऱ्या करून सगळ्यांना खाली आणलं. काही जण शाळेत आहेत, काही यांच्याकडे. भाभींनी पातेलंभर भात टाकलाय.

मी भ्यालोय, ताई. मी तुला किती वेळा लिहिलं, सगळं बरं आहे! ते खरंच वाटत होतं मला, हे जास्त वाईट.

आई इथं भिंतीला टेकून बसलीय. आत्ता तिला विचारलं, ताईला काय लिहू? मला वाटलं, नेहमीचंच सांगेल. ती म्हणतेय ते जसंच्या तसं लिहितो.

"नम्रता, तुझी आय सांगती. मला बरं नाय. डोळं मिटलं की डोंगर दिसतो. भाभी जेव म्हनतात, घास जात नाय. तुझ्या अण्णांच्या वक्ताला पन बरं नव्हतं, तुला सांगितलं नाय. तू लांब हायेस, जीवाला घोर नको, म्हनून मी बरं हाय म्हनत गेले. आता नाय म्हनत. मला लई भ्या वाटतं गं. तुला कधी ये म्हनलं नाय. आता म्हनते. ये."

प्रवीण